प्रभागाची हद्द, यादीतलं नाव आणि हरकत: पुण्यात अर्ज नेमके कुठे अडतात

पुण्यात प्रभागाबद्दल हरकत घेणाऱ्यांपैकी अनेकांचं म्हणणं खरं असतं, आणि तरीही अर्ज फेटाळला जातो. हद्दीवरची हरकत लोक मतदार यादीच्या मुदतीत देतात, यादीतली चूक हद्दीच्या सुनावणीत मांडतात, आणि नवीन नाव नोंदवायचा अर्ज महापालिकेत घेऊन येतात, जिथे तो घेतलाच जात नाही. खिडकीपलीकडून "इथे होत नाही" एवढंच उत्तर येतं. मग कुठे होतं, हे सांगायची तसदी क्वचितच कुणी घेतं. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी घर कुठल्या प्रभागात आहे ते पाहा

ज्याला आपण रोजच्या बोलण्यात वॉर्ड ऑफिस म्हणतो ते क्षेत्रीय कार्यालय. पुणे महापालिकेची अशी १५ कार्यालयं आहेत. निवडणुकीचे प्रभाग मात्र ४१. एका क्षेत्रीय कार्यालयाखाली अनेक प्रभाग येतात, त्यामुळे "आमचा वॉर्ड धनकवडी-सहकारनगर" असं अर्जात लिहिलं तर त्यातून प्रभाग कळत नाही. प्रभागाचा क्रमांक आणि नाव, दोन्ही लिहा.

क्रमांक लिहितानाही सावध राहावं लागतं, कारण तो कायमचा नसतो. २०१७ मध्ये शनिवार पेठेतलं घर प्रभाग १५, शनिवार पेठ-सदाशिव पेठ यात होतं. २०२५ च्या रचनेत शनिवार पेठ-महात्मा फुले मंडई हा प्रभाग २५ आहे. घर तेच, रस्ता तोच, पण क्रमांक आणि हद्द दोन्ही बदलले. मधल्या काळात २०२२ साली बहुतेक तीन सदस्यांच्या प्रभागांची एक वेगळीच रचना तयार झाली होती: ५८ प्रभाग आणि १७३ जागा. ती नंतर रद्द झाली, तिच्यावर निवडणूक झालीच नाही. तिचे नकाशे मात्र सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत अजून फिरतात आणि लोक त्यावर बोट ठेवून हरकती लिहितात. नकाशा महापालिकेच्या संकेतस्थळावरूनच घ्या, आणि त्यावर "प्रारूप", म्हणजे कच्चा मसुदा, लिहिलंय की "अंतिम" तेही वाचा. अंतिम रचना लागू झाल्यावर प्रारूपाचा संदर्भ देऊन केलेला अर्ज निरुपयोगी ठरतो.

कॅम्पात राहणाऱ्यांची अडचण निराळी. पुणे कॅन्टोन्मेंट आणि खडकी कॅन्टोन्मेंटचा भाग महापालिकेत येत नाही. त्या हद्दीतल्या मतदाराचं नाव महापालिकेच्या कुठल्याच प्रभागात सापडणार नाही, आणि ती चूक नव्हे. उलट "पुणे कॅन्टोन्मेंट" नावाच्या विधानसभा मतदारसंघात घोरपडी, ताडीवाला रस्ता असे महापालिकेचे भागही आहेत. तिथल्या मतदारांना विधानसभेच्या यादीवर "कॅन्टोन्मेंट" दिसतं आणि आपल्याला महापालिकेचं मत नाही असा त्यांचा समज होतो. असा समज करून घेऊन घरी बसू नका. मिळकत कराचं बिल कुणाकडून येतं ते पाहा. महापालिकेकडून येत असेल तर तुमचं मत महापालिकेत आहे.

हद्दीवरची हरकत

ही संधी फक्त प्रारूप रचना प्रसिद्ध झाल्यावर, ठरवून दिलेल्या दिवसांतच असते. २०२५ मध्ये पुण्याचं प्रारूप २२ ऑगस्टला आलं आणि हरकतींची मुदत ४ सप्टेंबरला संपली. २७ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती, त्यानंतर गौरी. पुण्यात या दिवसांत माणूस घरी किंवा मंडळात असतो, हे मुदत ठरवणाऱ्यांना माहीत नसावं असं वाटत नाही. पण मुदत ती मुदत. विसर्जनानंतर बघू म्हणणाऱ्यांचे कागद कुणी हातात घेतले नाहीत. पुढच्या वेळी प्रारूप आलं की पहिल्या दोन दिवसांत नकाशा काढून ठेवा. शेवटच्या दिवशी किती वाजेपर्यंत अर्ज घेणार तेही जाहीर सूचनेत लिहिलेलं असतं. कार्यालय सुरू आहे म्हणजे अर्ज घेतला जाईल, असं धरून चालू नका.

हरकत कशी लिहायची हे समजायला रचना कशी होते ते माहीत हवं. महापालिका अधिनियमानुसार ३० लाख लोकसंख्येला १६१ सदस्य आणि पुढच्या प्रत्येक पूर्ण लाखाला एक सदस्य. समाविष्ट गावं, म्हणजे महापालिकेच्या हद्दीत नंतर आलेली गावं, धरून २०११ च्या जनगणनेप्रमाणे पुण्याची लोकसंख्या सुमारे ३४ लाख ८१ हजार होते. म्हणून १६५ जागा. लोकसंख्येला १६५ ने भागलं की एका सदस्यामागे सुमारे २१,१०० लोक येतात, चार सदस्यांच्या प्रभागाला सुमारे ८४,४००. यात दहा टक्के कमी-जास्त चालतं, म्हणजे साधारण ७६ हजार ते ९२ हजार ८०० या पट्ट्यात प्रभाग बसला पाहिजे. ४० प्रभाग चार सदस्यांचे आहेत आणि कात्रज-आंबेगावकडचा एक, क्रमांक ३८, पाच सदस्यांचा.

सगळ्यात जास्त हरकती इथेच पडतात. "आमच्या प्रभागात मतदार फार झाले, शेजारच्यात कमी आहेत" असं लोक कळकळीने लिहितात. पण हिशेब मतदारांचा नसतो. तो लोकसंख्येचा असतो आणि तोही २०११ चा. म्हाळुंगे, मांजरी, वाघोली या पट्ट्यातल्या कितीतरी सोसायट्या त्यानंतर उभ्या राहिल्या. ती माणसं या आकड्यात नाहीत. हा अन्याय आहे, आणि नवीन जनगणनेचे आकडे हाती येईपर्यंत तो दूरही होणार नाही. पण हरकतीत तोच मुद्दा पहिला लिहिलात तर अधिकारी एका ओळीत निकाल देतो: रचना जनगणनेच्या लोकसंख्येनुसार, हरकत अमान्य.

"आमच्या नगरसेवकाचा भाग तोडला", "पिढ्यान्पिढ्या आम्ही एकत्र आहोत" ही वाक्यंही टिकत नाहीत. टिकतो तो नियमाचा भंग. हद्द शक्यतो मोठे रस्ते, नदी, नाले, लोहमार्ग, उड्डाणपूल यांवरून जावी. एकाच इमारतीचे किंवा चाळीचे दोन तुकडे होऊ नयेत. अनुसूचित जाती-जमातींची वस्ती शक्यतो फोडू नये. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाने मोजलेला घरांचा तुकडा, शक्यतो अखंड राहावा. प्रभागांची सुरुवात उत्तरेकडून करून क्रम ईशान्य, पूर्व, पश्चिम असा फिरत दक्षिणेला संपतो. तुमची हरकत यांपैकी कुठल्या नियमाला धरून आहे ते पहिल्याच परिच्छेदात लिहा.

त्यानंतर पर्याय द्या, कारण नुसती नाराजी नोंदवून रेघ हलत नाही. नकाशाच्या त्या पानाची छापील प्रत घ्या, सध्याची रेषा निळ्या आणि तुम्हाला हवी ती लाल शाईने काढा. रेषा हलवल्यावर कुठला प्रगणक गट इकडून तिकडे जातो आणि त्यात किती लोकसंख्या आहे ते खाली लिहा. गटांच्या हद्दी आणि लोकसंख्या निवडणूक शाखेत पाहायला मागा. मुख्य म्हणजे बदलानंतर दोन्ही प्रभाग दहा टक्क्यांच्या आत राहतात हे दाखवा. आपल्या प्रभागाचा हिशेब सगळे करतात, शेजारच्याचा कुणी करत नाही, आणि अधिकारी नेमकं तेच विचारतो. हे जमत नसेल तर निदान प्रभागाच्या नावावर हरकत घ्या. आपल्या भागाचं नाव प्रभागाच्या नावात यावं ही मागणी साधी असते, तिच्याने कुणाची लोकसंख्या हलत नाही, आणि २०२५ मध्ये काही प्रभागांची नावं अंतिम रचनेत बदललीही.

सुनावणीला बोलावलं तर जा. तुमच्याआधी बरीच मंडळी असतात आणि बोलायला थोडाच वेळ मिळतो. लाल-निळ्या रेषांचं ते पान टेबलावर ठेवलं की निम्मं बोलणं तिथेच होतं.

मतदार यादी: सगळ्यात मोठा गैरसमज

महापालिका स्वतःची मतदार यादी तयार करत नाही. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या तारखेला असलेली विधानसभेची यादी घेतो आणि महापालिका ती प्रभागांनुसार तोडते. बस्स. या टप्प्यावर कुणाचं नाव नव्याने घातलं जात नाही आणि कुणाचं काढलंही जात नाही.

गेल्या निवडणुकीसाठी ही तारीख १ जुलै २०२५ होती. प्रभागांच्या प्रारूप याद्या २० नोव्हेंबरला आल्या. हरकतींची मुदत २७ नोव्हेंबरपर्यंत होती, ती ३ डिसेंबरपर्यंत वाढली. "मुदत वाढली" एवढं ऐकून कितीतरी लोक नवीन नावं घेऊन आले. वाढली होती ती हरकतीची मुदत. १ जुलै जागची हलली नव्हती. ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झालेल्या मुलाचं नाव ऑक्टोबरनंतर विधानसभेच्या यादीत आलं असेल, मोबाइलवर शोधलं तर दिसतही असेल, पण प्रभागाच्या यादीत ते येणं शक्यच नव्हतं. पहिल्यांदा मत द्यायला निघालेल्या पोरांचे पडलेले चेहरे बघवत नाहीत. पण तो अर्ज कुठल्याही अधिकाऱ्याकडे मंजूर झाला नसता. जूनमध्ये अर्ज केला आणि नोंद जुलैनंतर झाली, त्यांचंही तसंच. अर्जाची पावती चालत नाही, त्या तारखेला नाव यादीत असावं लागतं.

मग हरकत कशावर घेता येते? तीन गोष्टींवर: विधानसभेच्या त्या यादीत नाव असून प्रभागाच्या यादीतून सुटलं, नाव चुकीच्या प्रभागात गेलं, किंवा यादी तोडताना लिहिण्यात चूक झाली.

चुकीच्या प्रभागात नाव जाण्याचं प्रमाण पुण्यात फार मोठं आहे आणि त्याचं कारण यादीच्या रचनेत आहे. विधानसभेची यादी भागांमध्ये असते, भागाच्या आत विभाग असतात आणि विभागाला पत्ता असतो. प्रभागाची हद्द जेव्हा एका भागाच्या मधून जाते तेव्हा कर्मचाऱ्याला पत्ता वाचून ठरवावं लागतं की ही माणसं रेषेच्या अलीकडची की पलीकडची. आता पत्ताच "स. नं. ४५, आंबेगाव बुद्रुक" एवढा असेल, इमारतीचं नाव नाही, गल्ली नाही, तर तो काय ठरवणार? त्या एका सर्व्हे नंबरमध्ये दहा सोसायट्या असतात. कामाचा रेटा असतो, सगळा विभागच्या विभाग एका बाजूला टाकला जातो. नवरा एका प्रभागात आणि बायको दुसऱ्यात, हेही यातूनच होतं, कारण त्यांची नावं वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या यादी भागांत नोंदवलेली असतात.

हरकत देताना अर्जाचा नमुना कार्यालयात मिळतो, तो भरणं अवघड नाही. चुकतात ते क्रमांक. विधानसभेचा मतदारसंघ क्रमांक, यादी भाग क्रमांक आणि त्यातला अनुक्रमांक हे तीन आकडे अर्जात हवेतच. पुण्यात मतदारसंघ २०८ वडगाव शेरीपासून २१५ कसबा पेठेपर्यंत, आणि समाविष्ट गावांपैकी काही २०२ पुरंदर आणि २०३ भोरमध्ये. हे आकडे निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर ओळखपत्राचा क्रमांक टाकला की मिळतात. तिथे प्रभाग दिसत नाही, तो प्रभागाच्या यादीतच शोधावा लागतो. तिरप्या रेघांचा लांबलचक क्रमांक असलेलं जुनं ओळखपत्र असेल तर नाव टाकून शोधा. नव्या दहा अक्षरांच्या क्रमांकाशिवाय पुढे अडतं.

कागदांमध्ये भाडेकरूंचा सगळ्यात जास्त घोळ होतो. वीजबिल घरमालकाच्या नावावर, मिळकत कर घरमालकाच्या नावावर, आधारवर गावचा पत्ता. नोंदणी केलेला भाडेकरार हाच त्यांचा खरा आधार. नुसता स्टँपवर लिहून नोटरी केलेला करार बहुतेक ठिकाणी परत मिळतो. नोंदणी केलेला नसेल तर बँकेच्या पासबुकावर सध्याचा पत्ता चढवून घ्या, ते लवकर होतं. समाविष्ट गावांत तर स्वतःचं घर असलेल्यांचीही पंचाईत होते, कारण वीजबिलावर अजून सर्व्हे नंबर आणि गावाचं नाव एवढंच असतं. अशा वेळी वीजबिलाबरोबर सोसायटीचं पत्र आणि मिळकत कराचं बिल जोडा आणि नकाशाच्या पानावर आपल्या इमारतीभोवती गोल करा. शेजारची ठळक खूणही लिहा: शाळा, पाण्याची टाकी, पूल. जागेवर पाहणीला येणारा कर्मचारी अनेकदा दुसऱ्याच भागातला असतो, त्याला ही खूणच कामी येते.

संपूर्ण सोसायटीचं नाव पलीकडच्या प्रभागात गेलं असेल तर "आमच्या सोसायटीतील सर्व मतदार" असं एका ओळीचं पत्र देऊन भागत नाही. तक्ता करा: नाव, ओळखपत्र क्रमांक, यादी भाग, अनुक्रमांक, सध्या कुठल्या प्रभागात, कुठल्या प्रभागात हवं, आणि शेवटच्या रकान्यात सही. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तारीख आणि शिक्का असलेली पोच नसेल तर पुढे विचारायला गेल्यावर तुमचा अर्ज आलाच नव्हता असं ऐकावं लागतं.

नावापुढचे दोन तारे

गेल्या यादीत काही नावांपुढे दोन तारे छापलेले होते. ते पाहून अनेकांना, विशेषतः वयस्कर माणसांना, आपलं नाव रद्द झालं असं वाटलं. तसं नव्हतं. एकाच नावाच्या दोन नोंदी सापडल्या की संभाव्य दुबार म्हणून ते चिन्ह येतं. खरंच दोन नोंदी असतील तर आपण कुठे मत देणार ते लिहून द्यायचं. लिहून दिलं नसेल तर केंद्रावर हमीपत्र घेतात, ओळख पटवतात आणि मतदान करू देतात. नुसतं नाव सारखं असेल, माणूस वेगळा असेल, तर तसं सांगा. जोशी, शिंदे, पवार ही आडनावं असलेल्या गावात हे होणारच. तारे बघून घरी बसलेल्या आजी-आजोबांना शेजारपाजारच्यांनी ही गोष्ट आवर्जून समजावून सांगायला हवी.

आत्ता काय करता येईल

निवडणूक झाली, १५ जानेवारी २०२६ ला मतदान होऊन गेलं, आता हद्द बदलत नाही. निकालाबद्दलची तक्रार निवडणूक याचिकेनेच न्यायाधीशांपुढे नेता येते आणि तिची मुदत अवघी दहा दिवसांची असते. महापालिकेला किंवा राज्य निवडणूक आयोगाला पत्रं लिहीत बसलात तर ते दिवस निघून जातात.

यादीचं काम मात्र वर्षभर सुरू असतं, आणि खरी दुरुस्ती तिथेच होते. पत्ता बदलला असेल, पत्त्यात इमारतीचं नाव नसेल किंवा घरातली माणसं वेगवेगळ्या यादी भागांत असतील तर नमुना ८ भरा. नवीन नावाला नमुना ६. मृत व्यक्तीचं किंवा गाव सोडून गेलेल्याचं नाव काढायला नमुना ७. हे अर्ज मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याकडे किंवा पोर्टलवर करायचे, महापालिकेच्या निवडणूक शाखेत नाही. काही अडलं तर १९५० हा मदतीचा क्रमांक आहे. अठरा वर्षं पूर्ण होण्यासाठी आता वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. नमुना ८ मध्ये पत्ता लिहिताना कंटाळा करू नका. फ्लॅट, इमारत, गल्ली, जवळची खूण, सगळं लिहा. पुढच्या वेळी यादी तोडणारा कर्मचारी याच ओळी वाचणार आहे. प्रभागातली एखादी जागा रिकामी झाली तर पोटनिवडणूक लागते, आणि तीही विधानसभेची ताजी यादी तोडूनच होते.

जुन्या प्रभागाची माहिती हवी असेल तर

अनेक मंडळं आणि नागरी गट आपल्या भागाचा निवडणुकीचा इतिहास मागतात आणि माहिती अधिकारात "माहिती उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. "आमच्या प्रभागाचा आजवरचा इतिहास द्यावा" अशी मागणी केली तर तसं उत्तर येणारच, कारण असा कागद कुठल्याच कपाटात नसतो. २००७ ला एका सदस्याचे प्रभाग होते, २०१२ ला दोन सदस्यांचे ७६ प्रभाग आणि १५२ जागा, २०१७ ला बहुतेक चार सदस्यांचे ४१ प्रभाग आणि १६२ जागा. प्रत्येक वेळी रेषा नव्याने आखल्या गेल्या. म्हणून वर्ष आणि त्या वर्षीचा प्रभाग क्रमांक लिहून मागा: अंतिम प्रभाग रचनेची अधिसूचना, चतुःसीमा, नकाशा आणि निवडून आलेल्या सदस्यांची राजपत्रातली यादी. २०१७ ते २०१९ मध्ये महापौर असलेल्या मुक्ता टिळक प्रभाग १५ मधून निवडून आल्या होत्या, आणि त्यांच्यानंतरचे महापौर मुरलीधर मोहोळ प्रभाग १३, एरंडवणा-हॅपी कॉलनी मधून. या दोन्ही क्रमांकांना आजच्या नकाशात वेगळा अर्थ आहे. आणखी एक: अ, ब, क, ड या जागांची अक्षरं आरक्षणासाठी असतात, भागासाठी नव्हेत. चारही नगरसेवक संपूर्ण प्रभागाचे असतात. "आमची गल्ली ब मध्ये येते" असं काही नसतं, त्यामुळे काम घेऊन चौघांपैकी कुणाकडेही जाता येतं.

महाराष्ट्रात माहिती अधिकाराचा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो. त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. तीन निवडणुकांची माहिती हवी असेल तर तीन वेगळे अर्ज करा, एकत्र केलात तर पहिल्याच मुद्द्याचं उत्तर मिळण्याची शक्यता जास्त. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा अपुरं आलं, तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करता येतं, त्याला वीस रुपयांचं तिकीट.